भाषणाचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. चौरंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कलश, केळीचे खांब आणि प्रसादाचा शिरा येत असेल. तो मान मलाही मिळतो, नाही असं नाही. पण मित्रांनो, गणपतीचे दिवस सोडले तर माझ्यावर देवापेक्षा एक मुलगीच जास्त उभी राहिली. तिची आणि तिच्या आजोबांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. सुरुवात तशी गमतीची आहे. शेवट मात्र मला अजून सोसत नाही.

आधी मी एका पलंगाचा भाग होतो. काशीनाथ आजोबा गिरगावातली खोली सोडून भाईंदरला आले, तेव्हा त्यांचा सागवानी पलंग नव्या घराच्या दारातून आत जाईना. मग तो जवळच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यात ईश्वर मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी लाकडावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "काका, ये सागवान है, फेकना मत. छोटा पलंग भी बनेगा और लकडी बचेगी. उसका चौरंग बना देता हूँ, गणपती बैठेगा." अशा रीतीने पलंग लहान झाला आणि उरलेल्या फळ्यांतून मी जन्माला आलो. माझे पाय मिस्त्रींनी जरा उंच ठेवले. पॉलिश तर असं केलं, की पहिले काही दिवस घरातले लोक माझ्यात तोंड बघायचे.

घर केबिन रोडच्या मागे, एका जुन्या सोसायटीत. घरात माणसं मोजकीच. आजोबा, त्यांचा मुलगा यतीन, सून मृणालिनी आणि नात इशिता. यतीन आणि मृणालिनी दोघंही सकाळी ऑफिसला जायची ती दिवेलागणीला परतायची. दिवसभर घर आजोबांचं आणि इशिताचं असायचं. आजोबा टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होते. आयुष्यभर लोकांनी त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आता मी विचारणार आणि दुसऱ्यांनी सांगायचं. दुसरं कोण? घरात हाताशी सापडणारी एकच, इशिता.

ती पाचवीत असताना शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता 'माझा परिसर'. ती वही घेऊन आजोबांकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, मला भाषण लिहून द्या ना." आजोबांनी वही बाजूला ठेवली, मला भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं आणि म्हणाले, "लिहून बिहून काही मिळणार नाही. चढ वर."

ऑफिसातून नुकतीच आलेली मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, अहो त्याच्यावर गणपती बसतो आणि तुम्ही हिला उभं करताय?"

"गणपती विद्येचाच ना? त्याला आनंदच होईल," असं म्हणून आजोबा समोर पलंगावर मांडी घालून बसले.

त्या दिवशी त्यांनी नियम घालून दिला. भाषण कसलंही असो, त्यात एक तरी गोष्ट अशी हवी की जी फक्त इशिताने पाहिली आहे. पुस्तकातली नाही, बाईंनी सांगितलेली नाही, टीव्हीवरची तर नाहीच. ती सांगून संपली असं वाटलं, की आजोबा गुडघ्यावर बोट आपटून विचारायचे, "पुढे?" आणि जोवर 'पुढे' संपत नाही, तोवर माझ्यावरून उतरायचं नाही.

इशिता वर चढली आणि विचार करू लागली. विचार करताना तिला एक सवय होती. उजव्या पायाच्या अंगठ्याने ती मला घासायची. ती सवय मला त्याच दिवशी कळली. घासता घासता अचानक म्हणाली, "केबिन रोडवर तो कोथिंबीरवाला आहे ना, तो कोथिंबिरीवर पाणी शिंपडतो."

"पुढे?"

"पुढे... आम्ही शाळेतून येताना मुद्दाम त्याच्या जवळून जातो."

"पुढे?"

"मग तो आमच्यावर पण पाणी उडवतो. आणि लगेच दुसरीकडे बघतो, जसं काय त्याने केलंच नाही!"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या भाषणाला बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. आजोबांनी त्यासाठी पाव किलो पेढे आणले आणि शेजारच्या गुजराती काकूंना देताना सांगितलं, "हमारा इशिता ने कोथिंबीर पे भाषण दिया." काकूंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पेढा घेतला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. 'पाणी वाचवा' या विषयावर तिने सांगितलं, की पाणी येण्याआधी आमचा नळ आजोबांसारखा खोकतो. 'वृक्ष आपले मित्र' या विषयावर तिने समोरच्या इमारतीच्या गटाराच्या पाइपातून उगवलेला पिंपळ सांगितला. त्याला पानं किती आली ते ती रोज खिडकीतून बघायची. तिच्या अंगठ्याने माझ्या एका कोपऱ्यावरचं पॉलिश पार घालवलं. मृणालिनीला ते दिसायचं तेव्हा ती म्हणायची, "नव्या चौरंगाची काय दशा केली या पोरीने!" मला मात्र त्या खरखरीत डागाचं वाईट वाटलं नाही. उलट, गणपतीत माझ्यावर लाल कापड अंथरलं की तो झाकला जायचा, याचंच मला वाईट वाटायचं.

मग तिच्या हातात मोबाईल आला. मी जुन्या लाकडाचा असलो तरी नव्याला नावं ठेवणारा नाही. मोबाईलने तिला पुष्कळ दिलं. शाळेतल्या प्रकल्पासाठी तिने वरसावे पुलाजवळच्या खाडीचा नकाशा त्याच्यावर इतका सुरेख केला की यतीनने तो ऑफिसात दाखवला. विज्ञानातलं हृदय कसं चालतं, ते तिने हलत्या चित्रात पाहिलं आणि आजोबांना समजावून सांगितलं. आजोबांना व्हिडिओ कॉल लावायला तिनेच शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी फोन कानाला लावला आणि त्यांच्या गिरगावच्या मित्राला, गुणवंत काकांना, बराच वेळ नुसता कान दिसत राहिला. आजोबा आणि नात दोघं पोट धरधरून हसली होती.

मग मोबाईलमध्ये ते नवीन आलं. विचारलं की लिहून देणारं. काहीही विचारा, ते भराभर लिहून देतं. इशिताने आधी त्याच्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून घेतलं. त्यात काय वाईट? मग भाषणाची सुरुवात तेवढी घेतली, कारण सुरुवात तिला अवघड जायची. मग शेवटही घेतला. काही दिवस तिची स्वतःची गोष्ट त्या दोन गुळगुळीत तुकड्यांच्या मध्ये अंग चोरून उभी राहायची. एके दिवशी ती पाहुण्यासारखी उठून गेली, आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आजोबांच्या मात्र आलं. इशिता आठवीत असेल. विषय होता 'जागतिक तापमानवाढ'. ती माझ्यावर उभी राहून घडाघडा बोलली. शब्द मोठे, वाक्यं एकसारखी, एकही अडखळणं नाही. तिचा अंगठा एकदाही हलला नाही. मला तेव्हाच चुकल्यासारखं झालं.

"छान," आजोबा म्हणाले. "आता तुझी गोष्ट सांग."

"यात नाहीये ती, आजोबा."

"का?"

"टाइम लिमिट असते ना. आणि जजना असलं काही नको असतं. सर पण बोलले, या वेळी लँग्वेज एकदम हाय लेव्हल आहे."

"जजना नको असेल. मला हवीय. पुढे?"

पण ती उतरली होती. 'पुढे'ला उत्तर न देता माझ्यावरून उतरण्याची ती तिची पहिलीच वेळ. आजोबांचं बोट गुडघ्यावर तसंच राहिलं.

त्या भाषणाला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल मिळाली, टीव्हीशेजारी जागा मिळाली. यतीनला आभाळ ठेंगणं झालं. आजोबा एकदा त्याच्याशी याबद्दल बोलायला गेले, तर तो म्हणाला, "बाबा, आता असंच असतं. ऑफिसात आम्ही पण हेच करतो. ते वापरता येणं हेच तर स्किल आहे."

"वापरू दे की रे. मी कुठे नको म्हणतोय? पण तिला काय वाटतं, हे त्या मोबाईलला कसं ठाऊक असणार? ते तिलाच विचारायला नको का?"

"ती फर्स्ट येतेय ना? मग झालं तर."

नववीत शाळेतल्या बाईंनी वर्गात बसून निबंध लिहायला सांगितला, 'माझ्या घरातली आवडती जागा'. मोबाईल नव्हता. ढाल मिळवणाऱ्या इशिताने तीन ओळी लिहून कागद दिला. बाईंनी मृणालिनीला बोलावून तो दाखवला. मृणालिनी घरी येऊन म्हणाली, "थकली असेल पोर. क्लास, शाळा, सगळं एकदमच चाललंय." त्या तीन ओळींत मी होतो का, हे मला कधी कळलं नाही. एव्हाना मी भिंतीला लागून उभा होतो आणि माझ्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे साठत होते.

त्याच वर्षी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ज्या माणसाचं आयुष्य विचारण्यात आणि सांगण्यात गेलं, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. ते नुसते बघायचे. कधी डोळ्यांत पाणी यायचं आणि डाव्या हाताने ते स्वतःच पुसायचे.

वाचा परत यावी म्हणून स्पीच थेरपिस्ट उर्मिला मॅडम घरी यायला लागल्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, फक्त बाहेरची वाट सापडत नाहीये. तुम्ही बोला. पेपर वाचून दाखवू नका. तुमच्या आणि त्यांच्या अशा काही गोष्टी असतील ना, त्या काढा. एखादा शब्द सुटला ना, की त्याच्या मागून बाकीचे येतील. पण उशीर करू नका. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात."

यतीन म्हणाला, "इशिता आहे ना. तिच्याएवढं बोलणारं कोण आहे घरात?"

मला वाटलं, आता आपले दिवस पालटले. कारण इशिताने माझ्यावरचे कपडे उचलले, मला पलंगाशेजारी आणून ठेवलं आणि ती माझ्यावर बसली. आजोबांनी मला पाहिलं. त्यांनी डावा हात खाली सोडला आणि त्या खरखरीत डागावर बोटं फिरवली. मित्रांनो, माझ्या लाकडात जीव असेल तर तो त्या क्षणी तिथे गोळा झाला होता.

इशिताने मोबाईल उघडला आणि वाचायला सुरुवात केली. "आज आपण निसर्गाबद्दल गप्पा मारूया. आजोबा, तुमचा आवडता ऋतू कोणता? पानांची सळसळ ऐकली की तुमच्या मनात कोणते विचार येतात?"

पोरीचं प्रेम खोटं नव्हतं. ती रोज शाळेतून आल्याबरोबर, खाण्याआधी, आजोबांजवळ बसायची. रोज नवा विषय काढून आणायची. बालपणीच्या आठवणी, सणवार, कृतज्ञता. आजोबा थोडा वेळ ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. त्यांची काळजी घ्यायला सुगंधा मावशी यायच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांना एकदा राहवलं नाही.

"इशू, हे काय शाळेतलं वाचतेस गो? तुझं कायतरी सांग ना त्यांना."

"माझं काय सांगू, मावशी? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच आहे."

हे ती लाडात म्हणाली नाही. तिला ते खरंच वाटत होतं. पिंपळाची पानं मोजणारी ती पोर, आणि तिला वाटत होतं की आपल्याकडे काही नाही. इस्त्रीच्या कपड्यांखाली मी इतके दिवस काढले, पण तेव्हा कधी मला असं वाईट वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती क्लासहून आली ती बाही झटकतच. माझ्यावर बसली आणि सहज, कोणाला सांगायचं म्हणून नव्हे, नुसतंच बोलून गेली, "आजोबा, बघा ना! त्या कोथिंबीरवाल्याने आजपण पाणी उडवलं."

आजोबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्यांचे ओठ हलले. घशातून आधी नुसती घरघर आली. डावा हात अंथरुणावरून सरकत गुडघ्यापर्यंत गेला, बोट वर झालं आणि खाली आपटलं.

"पु... ढे?"

सुगंधा मावशींच्या हातातली वाटी खाली पडली. "काका बोलले! इशू, काका बोलले गो!" आणि त्या यतीनला फोन करायला आत धावल्या.

मित्रांनो, मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. सांग, इशिता! तो अजूनही दुसरीकडे बघतो का, ते सांग. तू आता मोठी झालीस तरी त्याने तुला कसं ओळखलं, ते सांग. काहीही सांग. आजोबांचे डोळे तिच्यावर खिळले होते. लहान मूल खाऊची वाट बघतं तसे ते बघत होते.

इशिता सरसावून बसली. आनंदाने, भीतीने. आता आपल्या हातून चूक होता कामा नये, असं तिला वाटलं असणार. आणि सवयीने तिचा हात मोबाईलकडे गेला.

"थांबा हं आजोबा. एकच मिनिट."

पक्षाघाताचा पेशंट पहिला शब्द बोलला, आता पुढे काय बोलायचं, असं तिने मोबाईलला विचारलं. उत्तर लांबलचक आलं. शांत राहा, प्रोत्साहन द्या, छोटी वाक्यं वापरा. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. ती मान खाली घालून सगळं वाचत होती, एकेक ओळ, मन लावून. आजोबा वाट बघत होते. त्यांचं बोट पुन्हा एकदा वर झालं, पण आपटलं नाही. मग ते हळूच अंथरुणावर टेकलं. तिने मान वर केली तेव्हा आजोबांचं तोंड भिंतीकडे होतं.

"आजोबा, तुम्ही खूप छान प्रयत्न केलात," ती म्हणाली.

त्यानंतर ते बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात छातीत कफ भरून ताप आला. रुग्णालयात नेलं, आणि तिथून ते घरी आलेच नाहीत. त्या संध्याकाळी इशिता बोलली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तसं नसतं. पण 'पुढे?' असं विचारून एक माणूस ताटकळत राहिला आणि तसाच गेला, एवढं मात्र झालं.

तेराव्याला मला पुसून लख्ख केलं. माझ्यावर पांढरं कापड घातलं आणि आजोबांचा फोटो ठेवला, हार घातला. ज्या जागी ती उभी राहायची, तिथे आता ते होते, आणि ती समोर जमिनीवर बसली होती. माणसं खूप आली. गिरगावचे गुणवंत काकाही काठी टेकत आले. यतीन उठून म्हणाला, "आमची इशिता आता बाबांबद्दल दोन शब्द बोलेल."

ती उठली. हातात मोबाईल होता, त्यात भाषण तयार होतं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं आणि मोबाईल बंद करून मृणालिनीच्या हातात दिला. "आजोबा..." एवढं म्हणाली, आणि तिथेच थांबली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. लोक हळहळले. "लळा होता फार, बोलवत नाहीये पोरीला," असं कोणीतरी म्हणालं. ते खरंच होतं. पण बोलायची सवय मोडली होती, हेही खरं होतं, आणि ते तिला आणि मलाच ठाऊक होतं.

पाहुणे गेल्यावर खोलीत ती एकटी उरली. माझ्यासमोर येऊन बसली. पांढऱ्या कापडाचं टोक तिने जरासं वर केलं आणि तो डाग शोधून काढला. त्यावरून अंगठा फिरवत ती बोलू लागली. आवाज अगदी बारीक होता.

"आजोबा, त्याने मला ओळखलं होतं त्या दिवशी. दप्तर नव्हतं, युनिफॉर्म नव्हता, तरी ओळखलं. पाणी उडवलं आणि दुसरीकडे बघितलं. पण आता त्याचे केस पांढरे झालेत, आजोबा. मी आधी बघितलंच नव्हतं."

एवढं बोलून ती थांबली. जिथे नेहमी थांबायची तिथेच, बरोबर तिथेच. मान वर करून तिने फोटोकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

मित्रांनो, तुमच्या हातातलं यंत्र हुशार आहे. त्याच्याकडून शिका, त्याला खुशाल प्रश्न विचारा. पण तुमच्या घरात एखादं माणूस असेल, जे तुमच्याकडे बघून 'पुढे?' असं विचारतं, तर त्याला थांबायला सांगू नका. तुम्ही पाहिलेली कोथिंबीर, तुमचा खोकणारा नळ, तुमची पिंपळाची पानं त्याला देऊन टाका. अडखळत द्या, चुकत द्या, पण स्वतः द्या. अशी माणसं फार दिवस थांबत नाहीत.

इशिता अजून रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसते. आता तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ती सांगते, मधेच थांबते आणि वाट बघते. मी चौरंग आहे, मला चार पाय आहेत, पण तोंड नाही. असतं, तर मी एकच शब्द बोललो असतो.

पुढे?